स्थलांतराविषयीचे पक्षनिहाय जनमत कसे वाचावे : परदेशी निघालेल्या मुलांच्या बडोदेकर पालकांसाठी

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या दांडिया बाजारातील इमारतीत शेजारच्या वहिनी एका संध्याकाळी मोबाइल हातात धरूनच घरी आल्या. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि अलकापुरीतल्या एका सल्लागाराकडे त्याची कॅनडाची फाइल तयार होत होती. नात्यातल्या कोणीतरी पाठवलेल्या संदेशात लिहिले होते, की कॅनडातील ५८ टक्के लोक स्थलांतराच्या विरोधात गेले असून तेथील विरोधी पक्षाचे समर्थक त्यात सर्वांत पुढे आहेत. "काका, त्या लोकांना आपली मुले नकोच असतील, तर एवढी फी भरून पाठवायचे तरी कशाला?" असे त्यांनी विचारले.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, तरी या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणे मला शक्य नव्हते, कारण आकडा खरा होता आणि त्याला चिकटलेला अर्थ मात्र खरा नव्हता. त्या संध्याकाळी आणि त्यानंतरच्या दोन-तीन बैठकांत आम्ही दोघांनी शंभर पानी वहीत जे मांडले, ते येथे पायरीपायरीने देत आहे. बडोद्यात आज क्वचितच एखादे मराठी कुटुंब असेल, की ज्याच्या नात्यातले कोणी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड किंवा अमेरिकेत नाही. त्यामुळे तेथील जनमताचे आकडे आपल्या घरातील निर्णयांत थेट शिरतात. ते नीट वाचले नाहीत तर विनाकारण भीती बसते किंवा खोटा धीर येतो, आणि दोन्हींची किंमत कर्जाच्या हप्त्यांत मोजावी लागते.

पहिली पायरी : बातमीचे वाक्य बाजूला ठेवून मूळ प्रश्न शोधावा

५८ टक्क्यांचा तो आकडा एन्व्हायरॉनिक्स इन्स्टिट्यूटच्या 'फोकस कॅनडा' या सर्वेक्षणातला होता. ही पाहणी १९७७ पासूनचा कल दाखवते आणि तिच्यात लोकांना प्रश्न विचारण्याऐवजी एक विधान ऐकवले जाते. 'एकंदरीत पाहता कॅनडात स्थलांतर फार जास्त होत आहे' अशा आशयाचे हे विधान असून त्याच्याशी आपण सहमत आहात की असहमत, एवढेच विचारले जाते. २०२४ मध्ये ५८ टक्के सहमत आणि ३६ टक्के असहमत होते. 'विरोध' हा शब्द त्या विधानात कोठेच नाही. तो बातमी पुढे सरकवणाऱ्यांनी घातला.

अमेरिकेत गॅलप ही संस्था १९६५ पासून वेगळ्या पद्धतीने विचारते. स्थलांतराची पातळी सध्या आहे तेवढीच ठेवावी, वाढवावी की कमी करावी, असे तीन पर्याय तिथे समोर असतात. 'आहे तेवढीच' म्हणण्याची सोय असली की बरेच लोक त्या मधल्या पर्यायावर जातात. सहमत-असहमतीच्या प्रश्नात ही सोय नसते, आणि समोरच्याने विधान केले की 'हो' म्हणण्याकडे माणसाचा जो स्वाभाविक कल असतो, तोही आकड्यात मिसळतो.

वहिनींना हे पटेना. तेव्हा त्यांच्या सासूबाई तेथेच भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांनाच मी विचारले, "आजी, आपल्या इमारतीत भाडेकरू फार झाले आहेत, हे तुम्हाला पटते का?" मेथीची जुडी सोडवतासोडवता त्या लगेच म्हणाल्या, "पटते तर! पार्किंगला जागा उरलेली नाही." थोडा वेळ इतर गप्पा होऊ दिल्या आणि मग मी पुन्हा विचारले, "भाडेकरूंची संख्या वाढावी, आहे तेवढी राहावी, की कमी व्हावी?" या वेळी आजींनी हात थांबवून विचार केला आणि "आहे तेवढी राहू द्या. ती समोरची मुले चांगली आहेत, माझे औषध आणून देतात," असे उत्तर दिले. माणूस तेच होते आणि विषयही तोच होता, पण पहिल्या प्रश्नाने त्यांना पार्किंग आठवले आणि दुसऱ्याने माणसे आठवली.

हा फरक मतपाहणी करणाऱ्यांना फार जुना ठाऊक आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांना 'मनाई करावी का' असे एका गटाला आणि 'परवानगी द्यावी का' असे दुसऱ्या गटाला विचारले होते. व्यवहारात दोन्ही प्रश्नांचा परिणाम एकच असूनही उत्तरांत सुमारे वीस टक्क्यांचे अंतर पडले. म्हणून वहीच्या पहिल्या रकान्यात प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, आणि शब्द वेगळे असलेल्या दोन पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. मूळ प्रश्न मिळतच नसेल, तर तो आकडा वहीत घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : 'पातळी' म्हणजे नक्की कोणाची पातळी, ते पाहावे

'स्थलांतर' हा शब्द मराठीत फार पसरट आहे. बिहारमधून मकरपुऱ्याच्या कारखान्यात आलेल्या कामगारालाही आपण स्थलांतरितच म्हणतो आणि टोरांटोत स्थायिक झालेल्या भाच्यालाही. पहिल्याला देशात कोठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. दुसऱ्याचा प्रवेश सर्वस्वी त्या देशाच्या मर्जीवर अवलंबून आहे. परदेशांतील पाहण्या या दुसऱ्या प्रकाराविषयी असतात, परंतु त्यातही कायमस्वरूपी रहिवासी, विद्यार्थी, ठरावीक मुदतीचे कामगार, आश्रय मागणारे आणि विनापरवाना सीमा ओलांडणारे असे अनेक गट असतात, आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यांपैकी कोणता गट आहे, हे प्रश्नात सांगितलेले नसते.

अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण सीमेवर एका महिन्यात सुमारे अडीच लाख लोक अडवले गेले आणि टीव्हीवर रोज तीच दृश्ये होती. त्यानंतर काही महिन्यांनी 'पातळी कमी करावी' असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा ती सीमा असणार, आपल्या मुलाचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा नव्हे. कॅनडात चित्र वेगळे होते. २०२३ या एका वर्षात त्या देशाची लोकसंख्या १२.७ लाखांनी वाढली, त्यातील जवळजवळ ९८ टक्के वाढ बाहेरून आलेल्यांमुळे झाली, आणि तिच्यात विद्यार्थी व तात्पुरते कामगार यांचा वाटा मोठा होता. घरांचे भाडे आणि किमती आधीच भडकलेल्या होत्या. त्यामुळे कॅनडातील 'फार जास्त' या शब्दांत विद्यार्थी थेट येतात, हे पालकांनी मान्य केले पाहिजे. येथे स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी : 'समर्थक' कोणाला म्हटले आहे, ते तपासावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पक्षनिहाय आकड्यांच्या बहुतेक चुका येथेच होतात.

एखाद्याला पक्षाचा समर्थक ठरवण्याच्या निदान तीन रीती आहेत. मागील निवडणुकीत कोणाला मत दिले, आज निवडणूक झाली तर कोणाला द्याल, आणि आपण स्वतःला कोणत्या पक्षाचे मानता, हे तीन वेगळे प्रश्न असून त्यांतून निघणारे गटही वेगळे असतात. अमेरिकेत तर आणखी एक गुंता आहे. गॅलपच्या २०२४ च्या मोजणीत ४३ टक्के लोकांनी स्वतःला कोणत्याही पक्षाचे मानले नाही. यांपैकी बहुतेकांना पुन्हा विचारले की ते एखाद्या पक्षाकडे झुकत असल्याचे सांगतात. प्यू रिसर्च सेंटर ही दुसरी अमेरिकी मतपाहणी संस्था अशा झुकणाऱ्यांना सहसा त्या-त्या पक्षात धरते, तर गॅलपच्या स्थलांतरविषयक तक्त्यात रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष असे तीन स्वतंत्र गट असतात. त्यामुळे प्यूचे 'रिपब्लिकन' आणि गॅलपचे 'रिपब्लिकन' हा एकच जनसमूह नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे गट बंदिस्त नसतात. माणसे पक्ष बदलतात. हे समजण्यासाठी आम्ही वहीत एक कल्पित गाव घेतले. गावात हजार माणसे असून ५०० 'क' पक्षाची व ५०० 'ख' पक्षाची आहेत. 'क' मधील २५० जणांना, म्हणजे ५० टक्क्यांना, स्थलांतर कमी व्हावे असे वाटते. 'ख' मध्ये असे ३५० जण, म्हणजे ७० टक्के आहेत. दोन पक्षांतील अंतर २० टक्क्यांचे आहे. आता असे समजा, की 'क' मधील कमी करू इच्छिणारे १०० जण आपल्या पक्षाच्या धोरणाला कंटाळून 'ख' कडे गेले. 'क' मध्ये ४०० उरले आणि त्यांतील १५० जणांना कमी हवे आहे, म्हणजे ३७.५ टक्के. 'ख' मध्ये ६०० झाले आणि त्यांतील ४५० जणांना कमी हवे आहे, म्हणजे ७५ टक्के. अंतर २० वरून ३७.५ वर गेले. बातमी अशी येईल, की 'क' पक्षाचे लोक स्थलांतराबाबत उदार झाले, 'ख' पक्षाचे कडवे झाले आणि समाज दुभंगला. प्रत्यक्षात हजारांपैकी एकाचेही मत बदललेले नाही. कमी हवे म्हणणारे आधीही ६०० होते आणि आताही ६०० च आहेत.

वहिनींनी ही बेरीज-वजाबाकी दोनदा स्वतः करून पाहिली आणि मग विचारले, "म्हणजे पक्षांचे आकडे खोटे असतात का?" खोटे नसतात. परंतु ते दोन गोष्टींची मिसळ असतात. काही लोकांचे मत खरोखर बदललेले असते, आणि काही लोकांनी मत तेच ठेवून घर बदललेले असते. हे वेगळे करण्याचा सोपा उपाय म्हणजे पक्षनिहाय आकड्यांशेजारी नेहमी संपूर्ण देशाचा आकडा आणि त्या पक्षाला असलेल्या एकूण पाठिंब्याचा आकडाही लिहावा. देशाचा आकडा स्थिर असून केवळ पक्षांचे आकडे दुरावले, तर बहुधा माणसे हलली आहेत, असे समजावे.

प्यूच्या एका जुन्या मालिकेत मात्र दोन्ही घडलेले दिसते. स्थलांतरित आपल्या कष्टांनी व गुणांनी देश बळकट करतात, असे १९९४ मध्ये डेमोक्रॅटांपैकी ३२ टक्के आणि रिपब्लिकनांपैकी ३० टक्के लोक म्हणत होते. म्हणजे दोन्ही पक्षांत जवळजवळ काहीच फरक नव्हता. २०१९ मध्ये हेच आकडे ८३ आणि ३८ झाले. या पंचवीस वर्षांत देशाचा एकूण आकडा ३१ वरून ६२ वर गेला, त्यामुळे मते खरोखर बदलली यात शंका नाही. पण त्याच काळात स्थलांतर हा पक्षाची ओळख ठरवणारा विषय झाला आणि समविचारी माणसे एकेका बाजूला जमत गेली, हेही तितकेच खरे आहे. कधीकधी उलटेही होते. पक्षाचे नेते आधी भूमिका बदलतात आणि समर्थक त्यांच्यामागून जातात. डेन्मार्कमधील सोशल डेमोक्रॅट हा डावीकडचा पक्ष मेटे फ्रेडरिक्सन यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतराबाबत कठोर भूमिका घेऊन २०१९ मध्ये सत्तेवर आला. त्यामुळे डावे म्हणजे स्थलांतराचे पाठीराखे आणि उजवे म्हणजे विरोधक, हे आपल्याकडे सर्रास धरले जाणारे गृहीतक प्रत्येक देशात लागू पडत नाही.

चौथी पायरी : उपगटाचा नमुना मोजावा

शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मात्र त्यासाठी भात ढवळलेला असावा लागतो, आणि तीन पातेली असतील तर प्रत्येक पातेल्यातून शिते घ्यावी लागतात. हजार लोकांची पाहणी देशासाठी पुरेशी असली, तरी पक्षांत विभागली की एकेका पक्षाच्या वाट्याला तीनशे, दोनशे, कधी साठच माणसे येतात.

यासाठी पेन्सिलीने करता येण्याजोगा एक हिशेब आहे. शंभरला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे अंदाजे त्रुटीमर्यादा, म्हणजे खरा आकडा पाहणीतल्या आकड्याच्या किती वर किंवा खाली असू शकतो ते. १,००० माणसांना सुमारे ३ टक्के, ४०० माणसांना ५ टक्के, १०० माणसांना १० टक्के. भारांकनामुळे, म्हणजे वय, शिक्षण, प्रदेश यांचे प्रमाण देशाशी जुळवून घेताना, ही मर्यादा आणखी थोडी वाढते. म्हणूनच गॅलप सुमारे हजारांच्या नमुन्याला ४ टक्क्यांची मर्यादा सांगते. दोन गटांतील फरक पाहायचा असेल, तर ही मर्यादा जवळजवळ दीडपट धरावी. एखाद्या लहान पक्षाचे शंभरच समर्थक नमुन्यात असतील आणि त्यांचे मत वर्षात ४१ वरून ४९ वर गेले असे सांगितले जात असेल, तर त्यावरून काहीही ठरवू नये.

पाचवी पायरी : टक्का कोणाचा, ते उलटून पाहावे

पक्षाच्या समर्थकांपैकी किती जणांना स्थलांतर कमी हवे, हा एक प्रश्न झाला. कमी हवे म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या पक्षाचे, हा दुसरा. एखाद्या पक्षाला २० टक्के जनतेचा पाठिंबा असून त्यातील ८० टक्क्यांना कमी हवे असेल, तर ते देशाचे १६ टक्के होतात. दुसऱ्या पक्षाला ४० टक्के पाठिंबा असून त्यातील ४५ टक्क्यांनाच कमी हवे असेल, तरी ते देशाचे १८ टक्के होतात. 'विरोधक' म्हणून पहिल्या पक्षाचे नाव गाजते आणि प्रत्यक्षात जास्त माणसे दुसऱ्या पक्षात असतात. सरकार चालवणाऱ्यांचे डोळे या दुसऱ्या हिशेबावर असतात.

सहावी पायरी : सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा हललेला आकडा पाहावा

पालकांच्या दृष्टीने खरा उपयोगाचा भाग येथून सुरू होतो. एका वर्षाचा पक्षनिहाय तक्ता छायाचित्रासारखा असतो. त्यावरून कोण कोठे उभा आहे ते कळते, कोणीकडे निघाला आहे ते कळत नाही.

गॅलपची मालिका घ्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ६५ टक्के लोकांना स्थलांतर कमी व्हावे असे वाटत होते. २०२० मध्ये प्रथमच वाढवावे म्हणणारे ३४ टक्के, कमी करावे म्हणणाऱ्या २८ टक्क्यांच्या पुढे गेले. २०२४ मध्ये कमी करावे म्हणणारे ५५ टक्के झाले. २०२५ च्या जूनमधील पाहणीत ते एकदम ३० टक्क्यांवर उतरले. याच एका वर्षात पक्षांचे आकडे असे बदलले : रिपब्लिकन ८८ वरून ४८, अपक्ष ५० वरून ३०, डेमोक्रॅट २८ वरून १६.

सर्वांत मोठी घसरण रिपब्लिकनांची आहे. याचा अर्थ ते स्थलांतरितांवर प्रसन्न झाले, असा कोणी घेतला तर तो फसेल. प्रश्नातील 'सध्याची पातळी' हे शब्द आठवावेत. २०२५ च्या जानेवारीत सरकार बदलले, सीमेवरील आवक फार घटली, आणि ज्या पातळीविषयी प्रश्न होता ती पातळीच खाली आली. ज्याला कमी हवे होते त्याच्या मते ते बऱ्याच अंशी झाले, म्हणून आता तो 'आहे तेवढेच' म्हणू लागला. राज्यशास्त्रज्ञ क्रिस्टोफर व्लेझिएन यांनी १९९५ मध्ये जनमताच्या या वागण्याला थर्मोस्टॅटची उपमा दिली. खोली तापली की लोक गारवा मागतात, गार झाली की मागणी थांबते किंवा उलट होते. दुसऱ्या बाजूचे डेमोक्रॅटही खाली आले आहेत, पण त्यांचे कारण निराळे असू शकते. नव्या धोरणाची कठोरता त्यांना नको असणे हे त्यामागे असणे शक्य आहे. एकाच दिशेला हललेल्या दोन आकड्यांमागे परस्परविरोधी कारणे असू शकतात, ही गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवण्याजोगी आहे.

कॅनडाकडे परत येऊ. स्थलांतर फार जास्त आहे, या विधानाशी सहमत असणारे २०२२ मध्ये २७ टक्के, २०२३ मध्ये ४४ टक्के आणि २०२४ मध्ये ५८ टक्के होते. दोन वर्षांत ३१ टक्क्यांची चढण. त्या वेळी विरोधात असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या समर्थकांचा आकडा इतरांपेक्षा बराच वर होता, आणि संदेशात तेवढेच ठळक केले होते. परंतु माझ्या मते महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. त्या वेळी सत्तेत असलेल्या लिबरल पक्षाच्या समर्थकांतही 'फार जास्त' म्हणणारे वाढले होते. विरोधकांचे समर्थक काय म्हणतात, यावरून सरकार भाषा बदलते. स्वतःच्याच समर्थकांचे मत हलले, की नियम बदलते.

आणि तसेच झाले. २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी ट्रूडो सरकारने कायमस्वरूपी रहिवाशांचे २०२५ चे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले आणि पुढील दोन वर्षांसाठी ते ३ लाख ८० हजार व ३ लाख ६५ हजार असे आणखी उतरवले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी विद्यार्थ्यांसाठीची एसडीएस ही जलद मार्गिका बंद झाली, जिच्यावर आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या फाइली अवलंबून होत्या. हे सर्व स्थलांतराला अनुकूल मानल्या जाणाऱ्या पक्षाच्या हातून घडले.

ब्रिटनमध्येही हेच दिसते. बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास २०२४ च्या जानेवारीपासून बंदी झाली, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह सत्तेत होते. जुलैमध्ये लेबर पक्ष आला, त्याने ती बंदी उठवली नाही, आणि २०२५ च्या मे महिन्यातील श्वेतपत्रिकेत शिक्षणानंतर काम करण्याची दोन वर्षांची मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचे जाहीर केले. 'सरकार बदलले की सगळे सुरळीत होईल' हे वाक्य सल्लागारांच्या कार्यालयांत फार ऐकू येते. दोन्ही प्रमुख पक्षांच्या समर्थकांचा आकडा एकाच दिशेला सरकला असेल, तर या वाक्यावर विसंबून पैसे भरू नयेत.

सातवी पायरी : 'कमी' आणि 'नको' यांची उत्तरे वेगळ्या प्रश्नांत शोधावी

वहिनींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या पायरीवर मिळाले. संख्या किती असावी, हे विचारणारा प्रश्न माणसांविषयी काय वाटते ते सांगत नाही. त्यासाठी त्याच पाहणीत सहसा दुसरा प्रश्न असतो, आणि बातमी देणारे तो वगळतात.

२०२४ मध्ये गॅलपच्या ज्या पाहणीत ५५ टक्के अमेरिकनांनी पातळी कमी करावी म्हटले, तिच्यातच ६४ टक्क्यांनी स्थलांतर देशासाठी चांगले आहे असेही म्हटले होते. पुढच्या वर्षी हा दुसरा आकडा ७९ वर गेला. ५५ आणि ६४ यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते, म्हणजे निदान १९ टक्के लोक असे होते, की ज्यांना स्थलांतर चांगलेही वाटत होते आणि कमीही व्हायला हवे होते. ऑस्ट्रेलियात स्कॅनलन फाउंडेशनच्या पाहणीत स्थलांतर फार जास्त आहे असे म्हणणारे २०२३ मध्ये ३३ टक्के होते, ते २०२४ मध्ये ४९ टक्के झाले. तरीही त्याच वर्षी बहुसांस्कृतिकता देशासाठी चांगली ठरली, असे ८५ टक्के लोकांनी सांगितले. घरांची टंचाई आणि महागाई यांचा त्रास आकड्यांत उमटतो, आणि शेजारी राहायला आलेल्या माणसाविषयीचे मत त्याहून वेगळे राहू शकते. भाजी निवडणाऱ्या आजींनी आम्हाला हेच तर सांगितले होते.

अर्थात, याचा अर्थ परदेशी गेलेल्या मुलांना कोठेच वाईट वागणूक मिळत नाही, असा नव्हे. अशी वागणूक मिळते, आणि ती सरासरीत विरून जात नाही. परंतु तिचा अंदाज पातळीच्या प्रश्नावरून बांधता येणार नाही. त्यासाठी तेथे राहणाऱ्या मुलांशी बोलावे, त्यांना घर कसे मिळाले, काम कसे मिळाले, रात्री उशिरा बसने येताना कसे वाटते, हे विचारावे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपण बडोद्यातले मराठी लोकही बाहेरूनच आलो. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजांबरोबर, आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात कारकून, शिक्षक, न्यायाधीश म्हणून. बडोदे संस्थानाच्या जनगणनेत जन्मस्थानाचा स्वतंत्र तक्ता असे आणि संस्थानाबाहेर जन्मलेल्यांची नोंद त्यात होत असे. त्या वेळच्या रावपुऱ्यातील गुजराती शेजाऱ्याला कोणी 'दक्षिणी लोक (म्हणजे आपण मराठी) फार झाले आहेत का' असे विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते, हे मी वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "हो म्हणाला असता, आणि संक्रांतीला तिळगूळही घेतला असता."

वहीचे पान कसे आखावे

प्रत्येक देशासाठी एक पान ठेवावे. डावीकडून पाहणीचे नाव व महिना, प्रश्नाचे शब्द, संपूर्ण देशाचा आकडा, सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांचा आकडा, प्रमुख विरोधी पक्षाच्या समर्थकांचा आकडा, प्रत्येक गटातील माणसांची संख्या, आणि मागील वर्षाशी फरक असे रकाने करावेत. शेवटचा रकाना रुंद ठेवून त्यात त्यानंतरच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष कोणता नियम बदलला ते तारखेसह लिहावे. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या, की त्या देशात जनमत हलल्यापासून नियम हलायला किती महिने लागतात, याचा अदमास येतो. आकडे संस्थेच्या मूळ अहवालातून घ्यावेत. बहुतेक अहवाल फुकट मिळतात आणि त्यांत पक्षनिहाय आकडेही सहसा असतात.

नोंदींचे वेळापत्रकही ठरलेले आहे. गॅलपची पाहणी जूनमध्ये होते आणि जुलैत प्रसिद्ध होते. फोकस कॅनडाचा स्थलांतरविषयक अहवाल शरद ऋतूत, म्हणजे आपल्या नवरात्र-दिवाळीच्या सुमारास येतो. कॅनडाचे सरकार पुढील वर्षांच्या स्थलांतराचे उद्दिष्ट दर वर्षी साधारणपणे १ नोव्हेंबरच्या सुमारास संसदेसमोर ठेवते. स्कॅनलनचा अहवाल नोव्हेंबरच्या आसपास असतो. फी भरण्याची किंवा कर्ज मंजूर करून घेण्याची तारीख आपल्या हातात असेल, तर ती या घोषणांच्या नंतरची ठेवावी. तसे शक्य नसेल, तर परवाना नाकारला गेल्यास फी परत मिळण्याच्या अटी शिक्षणसंस्थेकडून लेखी घ्याव्यात. आणि सल्लागाराने एखाद्या पाहणीचा हवाला दिला, तर त्याला शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात : प्रश्न काय होता, समर्थक कोणाला धरले, आणि मागच्या वर्षी हा आकडा किती होता.

वहिनींनी अलकापुरीत जाऊन हे तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्या दोहोंना उत्तर मिळाले नाही. तिसऱ्याला मिळालेले उत्तर त्यांनी घरी येऊन अहवालाशी ताडून पाहिले आणि ते चुकलेले निघाले. मुलाने त्या वर्षी अर्ज केला नाही. गोरव्यात एका कारखान्यात तो ट्रेनी म्हणून लागला, आणि कॅनडाच्या पानाशेजारी आता जर्मनीचे एक पान आखून झाले आहे, ज्याचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे.